वारुळावरून बेतलेली इमारत: ईस्टगेट गार कसं राहतं आणि आपल्याकडे ते कुठे जमेल?

झरोका (धागाकर्ता)

सजीवांवरून सुचलेल्या वास्तुरचनेचा विषय निघाला की दोन मिनिटांत झिम्बाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर येतंच. "वाळवीच्या वारुळाची नक्कल केली, एसी लागत नाही, ९० टक्के वीज वाचते" एवढं सांगून गाडी थांबते. वाळवी काय करते आणि इमारत काय करते हे मात्र कुणी वेगळं करून सांगत नाही. म्हणून हा धागा. प्रतिसादांत आकडे दिलेत तर बरं.

इमारत १९९६ ची, वास्तुविशारद मिक पिअर्स, अभियांत्रिकी ओव्ह अरुप कंपनीची. सेंट्रल एसीची यंत्रं आयात करायची म्हणजे परकीय चलन आलं, पुढे सुट्या भागांची रड आली आणि वीज जाण्याचा प्रश्न होताच. त्यामुळे नेहमीचा एसी नको, ही मालकाची अट सुरुवातीपासूनची. नऊ मजली दोन लांबट इमारती समांतर उभ्या आहेत, मध्ये काचेचं छप्पर असलेला चौक. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिण. दर्शनी भिंतीत काच २५ टक्क्यांच्या आत आणि प्रत्येक खिडकीवर काँक्रीटचा खोल छज्जा. खिडक्या उघडत नाहीत, कारण बाहेर रस्त्याचा आवाज आणि धूळ.

आता हवेचा रस्ता. दुकानांच्या वर आणि ऑफिसांच्या खाली पंख्यांचा एक मधला मजला आहे. पंखे चौकातली सावलीतली हवा ओढतात, ती गाळणीतून जाते आणि प्रत्येक इमारतीच्या मधोमध असलेल्या उभ्या बोळातून वर चढते. प्रत्येक मजल्याला ती फरशीखालच्या पोकळीत शिरते. या पोकळीत प्रीकास्ट काँक्रीटचे दात उभे आहेत. हवा त्यांना आपटत, वळणं घेत खिडकीपर्यंत येते आणि खिडकीखालच्या जाळीतून खोलीत निघते. खोलीत माणसांनी, दिव्यांनी तापलेली हवा वर जाते, कमानदार छताच्या वरच्या भागातल्या भोकांतून बाहेर पडते आणि परतीच्या उभ्या बोळातून गच्चीवरच्या विटांच्या धुराड्यांत. अशी ४८ धुराडी आहेत. थंडीसाठी खिडकीखालच्या जाळ्यांत छोटे विजेचे हीटर.

कळीचा मुद्दा वेळापत्रकाचा. दिवसा तासाला दोनदा हवा बदलते, म्हणजे श्वासापुरती. रात्री मोठे पंखे लागतात आणि तासाला दहा वेळा हवा बदलते. गारवा रात्री भरून ठेवायचा आणि दिवसा पुरवून वापरायचा.

आणि तो ९० टक्क्यांचा आकडा संपूर्ण इमारतीच्या विजेचा म्हणून वाचू नका. हरारेतल्या पूर्ण एसीवाल्या सहा इमारतींच्या सरासरीशी तुलना केली तेव्हा ईस्टगेटचा एकूण वापर ३५ टक्क्यांनी कमी निघाला. तोही भरपूर आहे.

ओळंबा

छान मांडलंत. दिवसा दोन आणि रात्री दहा हे कुठून येतं, ते एका चौरस मीटरच्या हिशेबाने बघता येतं.

ऑफिसात १० चौरस मीटरला एक माणूस धरा. बसलेला माणूस साधारण ७५ वॅट उष्णता हवेला देतो, म्हणजे चौरस मीटरला ७.५. लॅपटॉप आणि स्क्रीनचे १०, एलईडी दिव्यांचे ७. ढोबळ २५ वॅट. नऊ तासांचे झाले २२५ वॅट-तास. ही उष्णता दिवसभर कुणीतरी पोटात घ्यायला हवी.

काँक्रीट घेतं. १०० मिमी जाडीचा एक चौरस मीटर म्हणजे २४० किलो. एका अंशाने तापायला त्याला साधारण ६० वॅट-तास लागतात. २२५ भागिले ६०, म्हणजे संध्याकाळपर्यंत स्लॅब पावणेचार अंशांनी वर जाणार. सकाळी २१ अंशांवर सुरू केला तर २५ च्या आत संपतो. यात खिडकीतून येणारं ऊन धरलेलंच नाही. ते आत आलं की हिशेब मोडतो. म्हणून आधी छज्जा आणि २५ टक्के काच, बाकी सगळं नंतर.

रात्रीचं गणित: ३ मीटर उंच खोलीत तासाला दहा बदल म्हणजे चौरस मीटरमागे ३० घनमीटर हवा. एक घनमीटर हवा एका अंशामागे ०.३३ वॅट-तास वाहून नेते. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्यापेक्षा ३ अंशांनी गरम असेल तर ३० वॅट निघतात, आठ तासांत २४०. हिशेब चुकता. हेच रात्रभर दोनच बदलांवर चालवलं तर ४८ वॅट-तास निघतील आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑफिसची भट्टी होईल.

त्या दातांचं कारणही इथेच आहे. सपाट काँक्रीटवरून सावकाश जाणारी हवा चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, जेमतेम ३ वॅट उचलते. सरासरी फरक ३ अंश धरला तरी ९ वॅट. आपल्याला हवेत २८ ते ३०. म्हणजे एका चौरस मीटर जमिनीमागे हवेला भिडणारा तीन-साडेतीन चौरस मीटर पृष्ठभाग हवा. छताची कमान, पोकळीच्या दोन्ही बाजू आणि दात मिळून तो तयार होतो. दातांमुळे हवा घुसळते, त्याचा आणखी फायदा.

काँक्रीट जाड केलं की जास्त गार, हा समजही काढून टाका. चोवीस तासांच्या चक्रात उष्णता एका बाजूने साधारण १०० मिमीच आत-बाहेर करते. ३०० मिमीचा स्लॅब एकाच बाजूने उघडा असेल तर मागचं काँक्रीट नुसतं वजन.

कीटकवेडी

इमारतीबद्दल दोघांशी सहमत, पण वाळवीच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं ना!

पिअर्स यांच्यापुढे जे चित्र होतं ते मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये मांडलेलं. वारुळाच्या पोटात बुरशीची शेती असते, तिथे उष्णता तयार होते, गरम हवा मधल्या पोकळीतून वर जाते, बाहेरच्या कवचाजवळच्या नळ्यांतून थंड होऊन खाली येते. चक्र पूर्ण, तापमान स्थिर. चित्र इतकं देखणं की वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं बसलं.

नंतर स्कॉट टर्नर यांनी दक्षिण आफ्रिकेत आणि नामिबियात जिवंत वारुळांमध्ये खुणेचा वायू सोडून तो कुठे, किती वेळात पोचतो हे मोजलं. असं ठरलेलं गोल चक्र सापडलं नाही. घरट्याचं तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीच्या तापमानामागे चालतं, कारण घरटं जमिनीत आहे आणि जमीन सावकाश तापते. वरचा मनोरा प्रामुख्याने श्वासासाठी. वारा कमी-जास्त झाला की आतली हवा मागे-पुढे हलते आणि कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर झिरपतो. टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये हे ईस्टगेटचं नाव घेऊनच लिहिलं.

आपल्या ओळखीच्या वारुळाचं आणखी वेगळं. दख्खनच्या माळावर बाहेरून पन्हाळी-पन्हाळी असलेली उभी वारुळं दिसतात ती बहुतेक ओडोन्टोटर्मिस ओबेससची. याच जातीच्या वारुळांवर बंगळुरूत हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी काम केलं, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. दिवसा बाहेरच्या पातळ पन्हाळी लवकर तापतात, मधला भाग मागे राहतो. म्हणून पन्हाळींतून हवा वर आणि मधल्या पोकळीतून खाली. रात्री पन्हाळी आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री धुऊन निघतो. वारुळाला वरून भोक लागत नाही, कारण भिंतच सच्छिद्र आहे आणि वायूंची देवाणघेवाण तिच्यातूनच होते.

म्हणजे वाळवीने वापरलेली गोष्ट दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक. ईस्टगेटनेही तीच वापरली. पण वाळवी त्यातून श्वास घेते, इमारत त्यातून गारवा घेते. आणि ज्या धुराड्यांमुळे इमारत वारुळासारखी दिसते, तशी उघडी धुराडी या वारुळाला नसतातच.

अवांतर: वर म्हटलेली बुरशी म्हणजे टर्मिटोमायसिस. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आणि गोव्याच्या बाजारात हातोहात खपणारी अळंबी तीच.

झरोका

कीटकवेडी, हे हवंच होतं. मात्र एवढ्यावरून "ईस्टगेट चुकीच्या जीवशास्त्रावर उभं आहे" अशी हाकाटी होते ती मला पटत नाही. अरुपच्या अभियंत्यांनी हवेचे बदल, पंखे, काँक्रीट हे सगळं नेहमीच्या उष्णताशास्त्राने काढलं. वारुळ सुचवायला कामी आलं, मापं ठरवायला नाही. गोंधळ होतो तो तिसऱ्या हाताने नक्कल करणाऱ्यांचा. ते धुराडी उचलतात आणि रात्रीचे पंखे विसरतात.

पिअर्स यांनीच पुढे मेलबर्नला २००६ मध्ये कौन्सिल हाऊस २ उभारताना लाटदार काँक्रीटची छतं आणि रात्रीची हवा ठेवली, पण सोबत गार पाण्याची छतातली पॅनेलं दिली. हवामान आणि भार बदलला, तशी यंत्रणा बदलली.

काटकोन

एक शंका. धुराडी एवढी उंच आहेत तर पंखे कशाला? गरम हवा आपोआप वर जाते ना?

ओळंबा

जाते, पण तिच्यात जोर किती हे बघा. धुराड्याची ओढ म्हणजे उंचीच्या प्रत्येक मीटरला आणि फरकाच्या प्रत्येक अंशाला ०.०४ पास्कल (दाबाचं एकक). ३० मीटर उंची, ५ अंश फरक: ६ पास्कल. नवी कोरी साधी गाळणी एकटीच ५० ते १०० पास्कल खाते, धूळ बसली की त्याहून जास्त. वर फरशीखालची वळणं, जाळ्या, झडपा. सहा पास्कलने यातलं काहीच ढकललं जात नाही. धुराडी पंख्यांना हात देतात, जागा घेत नाहीत.

शिवाय वरच्या मजल्याला उरलेली उंची कमी, म्हणून त्याची ओढ कमी. सगळे मजले एकाच धुराड्याला जोडले आणि पंखा नसला तर खालच्या मजल्याची वापरलेली हवा वरच्या मजल्यात शिरते. हा दोष नकाशावर दिसत नाही, वापर सुरू झाल्यावर वासाने कळतो.

गिलावा

आता आपल्या गावाकडे या. सगळा खेळ रात्रीच्या किमान तापमानाचा आहे. हरारे समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटरवर. सर्वांत गरम ऑक्टोबर, त्यातही दुपारी २९-३० आणि पहाटे १५ च्या आसपास. या पद्धतीला याहून चांगलं हवामान मिळणं अवघड.

पुणे-नाशिक पट्ट्यात एप्रिलची दुपार ३७-३८ आणि पहाट २०-२१. दिवस-रात्रीत १६-१७ अंशांचा फरक, म्हणजे रात्रीची हवा कामाची. फक्त दुपार हरारेपेक्षा फार तापते, म्हणून भिंती-छताचं उष्णतारोधन आणि सावली दुप्पट काटेकोर हवी, आणि एप्रिल-मेच्या शेवटच्या काही तासांना पंखा किंवा छोटा एसी लागेल हे मान्य करून चालायचं. ऑक्टोबर ते मार्च मात्र निभावतं.

मुंबई, कोकण किनारा, गोवा: सोडून द्या. मे महिन्यात दुपार ३३-३४ आणि रात्र २७. सहा अंशांच्या फरकात काँक्रीट गार होणार किती? वर दमट हवा रात्रभर आत ओढली की सकाळी कपाटाच्या मागे बुरशी. तिथे जुन्या कोकणी घराची रीतच बरी: हलकं उतरतं छप्पर, आरपार वारा, साठवण नाही.

नागपूरचं उदाहरण लोक चुकीचं घेतात. फरक १४ अंशांचा दिसतो, पण मेमधली पहाटच २८ ची. २८ च्या हवेने स्लॅब २८ च्या खाली कसा जाईल? तिथे हवा कोरडी आहे, वाळ्याचा कूलर हेच योग्य यंत्र.

पावसाळ्यात ही यंत्रणा पुण्यातही बंद ठेवायची, फक्त श्वासापुरती हवा.

आता बिघडतं कुठे ते. पहिला शत्रू फॉल्स सिलिंग. रचनाकार काँक्रीट उघडं ठेवतो, भाडेकरू येतो आणि पहिल्या महिन्यात जिप्समचं छत मारतो, खाली कार्पेट टाकतो. काँक्रीट झाकलं की साठवण संपली, आणि मग "पद्धतच चालत नाही" असा बोभाटा. भाडेकरारात उघड्या छताची अट घालावी लागते, आणि आवाज घुमतो म्हणून छताला चिकटून नाही तर उभे टांगलेले शोषक पट्टे द्यावे लागतात, म्हणजे हवा काँक्रीटला भिडत राहते.

दुसरं, खोल्या पाडणं. खिडकीकडून मध्याकडे जाणारा हवेचा रस्ता पार्टिशनने अडला की मधल्या केबिनमध्ये हवा मरते. पार्टिशनला वरून फट ठेवायची, किंवा आवाज अडवणारी जाळी.

तिसरं, धूळ. शेजारी बांधकाम सुरू असेल तर गाळण्या महिन्यातच भरतात. गाळणीच्या दोन बाजूंचा दाब दाखवणारा साधा मापक बसवा. नुसत्या तारखेवर गाळणी बदलणं म्हणजे निम्मा वेळ चोंदलेल्या गाळणीवर पंखा पळवणं.

चौथं, फरशीखालची पोकळी. तिथे झुरळं आणि उंदीर राहायला येणार हे गृहीत धरा. दर पाच-सहा मीटरवर उचलता येणारी फरशी, आत झाडू पोचेल एवढी उंची आणि बाहेरच्या प्रत्येक तोंडाला गंज न लागणारी जाळी. धुराड्याच्या तोंडाला कबुतरांसाठी २० मिमीची जाळी, डास अडवायची बारीक जाळी तिथे नको, ती काजळी-धुळीने लगेच बुजते.

सज्जा

गिलावा यांनी पोकळीत उंदीर आणले, मी धूर आणते. 🙂

उभा बोळ आणि त्याला प्रत्येक मजल्यावर उघडणारी पोकळी म्हणजे आगीच्या दृष्टीने सगळे मजले एकमेकांना जोडलेले. एका मजल्यावर लागलेल्या आगीचा धूर त्याच वाटेने सगळीकडे पोचेल. त्यामुळे बोळ ते मजला या प्रत्येक तोंडाला आगीत आपोआप बंद होणारी झडप, धूर कळला की पुरवठ्याचे पंखे थांबणं आणि बोळाच्या भिंतीला ठरलेल्या तासांचा अग्निरोध हे नकाशाच्या पहिल्या टप्प्यात धरा. झडपेपर्यंत हात पोचेल असं दार ठेवा, नाहीतर तपासणी कागदावरच होते. हे नंतर बसवायला गेलं की झडपांनी हवेचा रस्ता अरुंद होतो, पंखे कमी पडतात आणि ओळंबांचे दहा बदल सहावर येतात.

पाकळी

थोडं वेगळं. नुसता आकार उचलला की टीका होते, पण दिल्लीच्या कमळ मंदिराचं काय? फरिबुर्झ साहबा यांची रचना, १९८६. बाहेरून फूल, २७ पाकळ्या. म्हणजे उघड उघड नक्कल. तरी ते चालतं, कारण पाकळ्यांचे वक्र मोकळ्या हाताने न काढता गोल, नळकांडं, शंकू अशा भूमितीत बसवले. त्याशिवाय साचेही करता आले नसते आणि संगमरवराचे तुकडेही कापता आले नसते. शिवाय भोवतालच्या नऊ तळ्यांवरून येणारी हवा खालून आत घेऊन माथ्याकडून बाहेर काढायची सोय आहे. त्या सोयीसाठी फुलाचा आकार कारणीभूत नाही, पण आड येत नाही.

रंधा

आकार आणि तत्त्व यांतला फरक लाकडात सगळ्यांत स्वच्छ दिसतो, म्हणून समुद्री साळूचं (सी अर्चिन) उदाहरण. त्यातही सँड डॉलर नावाचा चपटा प्रकार.

याचं कवच अनेक चुनखडी तबकड्यांचं. दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कुठल्याही कोपऱ्यात तीनच तबकड्या भेटतात, चार नाहीत. दोन, तबकड्यांच्या कडा बोटं बोटांत गुंफावीत तशा दातेरी. तीनच्या नियमाचा फायदा असा: प्रत्येक कड फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकण्याला विरोध करते आणि तेवढ्यावर अख्खं कवच ताठ राहतं. सांध्याला वाकण्याचा भार जवळजवळ येत नाही. चार तबकड्या एका बिंदूत आणल्या की ही खात्री जाते आणि सांध्याला बिजागरीसारखं फिरायला वाव मिळतो.

श्टुटगार्ट विद्यापीठाने हे २०११ पासून बांधून बघितलं. पहिला मंडप फक्त ६.५ मिमी प्लायवुडचा, ८५० हून जास्त भाग आणि एक लाखावर दातेरी सांधे. मग २०१४ मध्ये श्वेबिश ग्म्युंड गावात कायमचं प्रदर्शनगृह: ५० मिमी जाड बीचच्या प्लायवुडच्या २४३ तबकड्या, एकही दुसरीसारखी नाही, ७,६०० दातेरी सांधे. सगळ्या कवचाला लाकूड लागलं १२ घनमीटर. २०१९ मध्ये हाइलब्रॉनला ३० मीटर गाळ्याचा मंडप झाला, तो ३७६ पोकळ पेट्यांचा, वजन चौरस मीटरला ३८ किलो.

करायचं झालं तर क्रम असा. आधी वक्र पृष्ठभाग ठरवायचा. त्यावर बिंदू पेरून प्रत्येक बिंदूपाशी स्पर्शप्रतल, म्हणजे तिथे पृष्ठभागाला टेकणारं सपाट प्रतल, काढायचं. शेजारची प्रतलं एकमेकांना कापतात तिथे कड येते आणि बहुतेक कोपरे आपोआप तीनचे होतात. घुमटासारख्या भागात षटकोन सरळ येतात. पण खोगिरासारखा वक्र आला की तेच षटकोन आत दबून डमरूसारखे होतात. हा संगणकाचा बिघाड नाही, भूमितीच तशी आहे. मात्र दोन प्रतलांतला कोन फार उथळ असेल तर कड कुठे पडेल याचा भरवसा नसतो, बिंदू थोडा हलला की कड हातभर सरकते. तिथे बिंदू हलवून कोन वाढवून घ्यायचा.

दातेरी सांधा सरकणं अडवतो, उपटणं अडवत नाही. वाऱ्याने छप्पर उचललं तर दात सुटू शकतात. त्यासाठी कडेने एकमेकांना तिरके छेदणारे स्क्रू लागतात. आणि दात तिरक्या कोनात कापायला पाच अक्षांचं यंत्र किंवा रोबो लागतो. आपल्याकडच्या फर्निचर कारखान्यांत असतो तो तीन अक्षांचा सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कापयंत्र) काटकोनातच कापतो. तीन अक्षांवरच करायचं असेल तर दात विसरा, सरळ कडा कापा आणि सांध्याला वाकवलेली धातूची पट्टी बोल्टने बसवा. वजन वाढेल, पण तीनचा नियम टिकला तर तत्त्व टिकलं.

पाऊस हा मोठा प्रश्न. प्लायवुड कडेतूनच पाणी पितं आणि इथे तर कडाच कडा. ग्म्युंडच्या इमारतीत कवचावर उष्णतारोधक थर, त्यावर जलरोधक पडदा आणि बाहेरून लार्च लाकडाचं वेगळं आवरण आहे. फोटोत दिसतं ते आतलं कवच बघून कुणी कोकणात उघडं प्लाय उभं करायला निघाला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात दात फुगून सांधे उघडतील.

काटकोन

माहितीपूर्ण. परत वारुळाकडे यायचं तर: ईस्टगेटएवढी इमारत कुणी बांधणार नाही, पण नाशिककडे एकमजली बंगल्याला रात्रीच्या हवेचं काही करता येईल का? १२० चौरस मीटर, आरसीसी स्लॅब, २३० मिमी विटांच्या भिंती.

गिलावा

येईल, आणि बोळ-पोकळी काही नको. पण पंख्याच्या आधी गच्ची. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो, तो रात्रभर गार करून उपयोग नाही. स्लॅबच्या वरून ५० मिमी एक्सपीएस (दाट फोमच्या उष्णतारोधक पाट्या), त्यावर ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), वर पांढरा चायना मोझॅक. उष्णतारोधन बाहेरूनच हवं. आतून थर्माकोल-जिप्सम लावलं तर तुमचंच काँक्रीट तुमच्यापासून तुटलं. पश्चिमेच्या भिंतीला वेल, जाळीची भिंत किंवा खोल व्हरांडा, आणि खिडक्यांना बाहेरून सावली.

मग पंखा. १२० गुणिले ३ म्हणजे ३६० घनमीटर, दहा बदलांना तासाला ३,६०० घनमीटर. ४५० मिमीचा जड एक्झॉस्ट पंखा मोकळ्या हवेत याहून बराच जास्त देतो, जाळ्या धरून एवढा उरतो. तो जिन्याच्या टोपीत उंचावर बसवा, मागे वाऱ्याने मिटणाऱ्या पट्ट्यांची झडप. हवा येण्यासाठी झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोल्यांच्या खिडक्या. सेकंदाला एक घनमीटर हवा आणि एक मीटर वेग धरला तर एक चौरस मीटर मोकळी जागा लागते, पण डासांची जाळी जवळपास निम्मी खाते, म्हणून दोन चौरस मीटर उघडी खिडकी. याहून कमी ठेवली तर पंखा नुसता ओरडतो. लोखंडी गज हवेत, रात्रभर खिडक्या उघड्या राहणार.

आतली हवा ३ अंशांनी गरम असताना हा पंखा साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एक टनाच्या एसीइतकी. स्वतः खातो तीनशे-चारशे वॅट.

ओळंबा

यात एक धोका लिहायला हवा. एवढा पंखा घरातला दाब कमी करतो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचा धूर उलटा आत ओढला जाईल, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. गिझर घराबाहेर तरी हलवा किंवा विजेचा घ्या. पंखा सुरू असताना आतून गॅस गिझर लावायचाच नाही.

आणि घड्याळावर चालवू नका. बाहेरची हवा स्लॅबपेक्षा २ अंशांनी खाली गेली की सुरू, फरक एकाच्या आत आला की बंद. एप्रिलमध्ये सुरू व्हायला रात्रीचे दहा वाजू शकतात, आणि सकाळी सात-साडेसातला खिडक्या-पडदे बंद करून टाकायचे. दुपारी "जरा वारा येऊ दे" म्हणून खिडकी उघडली की रात्रीची कमाई तासाभरात गेली. दिवसा छताचे पंखे लावा, स्लॅबचा गारवा अंगापर्यंत त्यांनीच येतो.

काटकोन

स्लॅबचं तापमान कशाने बघू? इन्फ्रारेड गन चालेल?

ओळंबा

छताच्या रंगवलेल्या गिलाव्यावर चालेल. चकचकीत स्टीलवर धरू नका, ते समोरच्या वस्तूचं तापमान दाखवतं. अशा जागी काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. कायमचं करायचं असेल तर स्लॅबला खालून १५-२० मिमी खोल भोक पाडून त्यात सेन्सर सिमेंटने बंद करा, दुसरा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर सावलीत. बाहेरच्या सेन्सरवर ऊन पडलं किंवा तो एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ आला तर पंखा रात्रभर सुरूच होणार नाही.

गिलावा

आणि भोक पाडण्याआधी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या कुठून गेल्यात ते बघा. पंख्याच्या पॉइंटजवळ तर भोक नकोच.